काम आहे, पण रोज नाही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभं आयुष्य रोजंदारीच्या माणसांमध्ये काढलं. म्हणून आज त्याच माणसांविषयीचा एक प्रश्न मी निवडला आहे. एखाद्याची नोकरी गेली, नवी मिळेपर्यंत तो मिळेल ते काम करतो. कधी दोन दिवस, कधी चार तास, आता तर मोबाइलवर घंटी वाजेल तेवढंच. अशा माणसाला बेकारभत्ता मिळावा का? मिळावा, तर मधल्या कमाईचा हिशेब कसा करावा?

कायद्याच्या कागदावर माणसासाठी दोनच रकाने असतात: कामावर आणि बेकार. सरकारी कारकुनाला, आणि खरं सांगायचं तर आपल्यासारख्या महिन्याच्या पगारावर वाढलेल्या मंडळींना, हे दोन रकाने पुरेसे वाटतात. पण जगातल्या कष्टकऱ्यांचा फार मोठा भाग या दोहोंच्या मध्ये राहतो. सोमवारी काम आहे, मंगळवारी नाही, बुधवारी अर्धा दिवस आहे. या माणसाला तुम्ही कोणत्या रकान्यात घालता, यावर त्याच्या घरची चूल अवलंबून असते.

हा प्रश्न मोबाइलसोबत आला असा समज आहे. तो किमान सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि त्याची सुरुवात बंदरावर झाली. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी मोठा संप केला. मागण्या अगदी साध्या होत्या: तासाला सहा पेन्स मजुरी, आणि एकदा कामाला घेतलं की किमान चार तासांचं काम. दुसरी मागणी नीट पाहा. त्या काळी सकाळी गोदीच्या फाटकावर माणसांची झुंबड उडे, मुकादम त्यातली हवी तेवढी निवडी, आणि तासाभराचं काम झालं की त्यांनाही घरी पाठवी. जहाज कधी लागेल ते वारा आणि भरती-ओहोटी ठरवणार. म्हणून लागतील त्याहून जास्त माणसं फाटकावर ताटकळत असणं मालकाच्या सोयीचं होतं, आणि त्या ताटकळण्यासाठी त्याला एक पेनीही मोजावी लागत नसे.

विल्यम बेव्हरिज या तरुण अभ्यासकाने १९०९ मध्ये बेकारीवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याने याच गोष्टीवर बोट ठेवलं. प्रत्येक धक्का आपापली राखीव फौज बाळगतो, आणि या सगळ्या फौजांची बेरीज केली तर ती बंदराच्या एकूण गरजेपेक्षा कितीतरी मोठी भरते. गोदीतली गरिबी आळसातून आलेली नाही, काम वाटण्याच्या पद्धतीतून आलेली आहे, असं त्याचं निदान होतं. माझ्या मते आजही या विषयावरचा सगळा विचार या निदानापासूनच सुरू करायला हवा.

१९११ मध्ये ब्रिटनने बेकारीचा विमा कायद्याने आणला. आठवड्याला सात शिलिंग, तेही सुरुवातीला बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रोद्योग अशा मोजक्या धंद्यांपुरते. गोदी कामगार त्यात आले ते १९२० नंतर, आणि ते येताच कायद्याची अडचण झाली, कारण हा माणूस ना पुरता बेकार, ना पुरता कामावर. मग तोडगा निघाला: सहा दिवसांच्या ओळीत तीन दिवस काम मिळालं नाही, तर त्या तीन दिवसांचा भत्ता मिळेल. तीन दिवस आकड्यावर आणि तीन दिवस वहीवर, अशी म्हणच तिकडे पडली. आकडा म्हणजे गोणी ओढायचा लोखंडी हुक, आणि वही म्हणजे बेकारीची नोंद.

ही सोय चांगली होती. पण तिच्यात एक खोट होती, आणि तीच खोट आजही जगभरच्या नियमांत सापडते. चौथ्या दिवशी काम मिळालं, तर तिन्ही दिवसांचा भत्ता जाई. चौथ्या दिवसाची मजुरी त्या भत्त्यापेक्षा फार नसेल तर शहाणा माणूस काय करेल? तो चौथ्या दिवशी फाटकावर जाणार नाही. त्याला कामचुकार म्हणणं सोपं आहे, पण त्याने फक्त कायदा नीट वाचलेला असतो.

या गोष्टीचं उत्तर अखेरीस दुसऱ्या वाटेने आलं. १९४७ मध्ये ब्रिटनमध्ये गोदी कामगारांची राष्ट्रीय योजना झाली. कामगाराची नोंदणी करायची, आणि तो हजर राहिला पण काम नसलं तर हजेरीचे पैसे द्यायचे. पुढच्याच वर्षी आपल्याकडे गोदी कामगार (रोजगार नियमन) कायदा, १९४८ झाला, आणि १९५१ मध्ये मुंबईची योजना आली. त्याआधी मुंबईच्या धक्क्यावर टोळीवाल्यांचं राज्य होतं. कोणाला घ्यायचं, किती द्यायचं, त्यातलं किती कापायचं, सगळं त्यांच्या हातात. पी. डिमेलो यांच्या नावाचा रस्ता आज बंदराला लागून जातो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोदीत संघटना बांधली ती याच मुलखात.

ही योजना चालवणाऱ्या नव्या मंडळावर सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी बसत. नोंदलेल्या कामगारांचा एक साठा असे, आणि त्यातून पाळीपाळीने काम वाटलं जाई. महिन्यात ठरावीक दिवसांच्या मजुरीची हमी होती. हजर राहूनही काम मिळालं नाही तर हजेरी भत्ता होता. काम नेमून दिलं, माणूस धक्क्यावर पोचला, आणि पाऊस लागला किंवा जहाजच लागलं नाही म्हणून परत फिरावं लागलं, तर त्या हुकलेल्या पाळीचाही मोबदला होता. पैसे यायचे मालकांकडून, मजुरीवर बसवलेल्या अधिभारातून. म्हणजे जो माणसांना ताटकळत ठेवतो, त्यानेच ताटकळण्याची किंमत मोजायची. सरकारी तिजोरीतून दयेपोटी काही द्यायचं नव्हतं, आणि कामगाराला आपण पूर्ण बेकार आहोत असं सिद्धही करायचं नव्हतं. नोंदणीबाहेरचे लोक या सावलीबाहेरच राहिले, आणि पुढे कंटेनर आल्यावर गोदीतलं काम झपाट्याने घटलं, हेही सांगायला हवं. पण मधल्या काळात याच शहरात अर्धवेळच्या बेकारीचा हिशेब दिवसागणिक, उघडपणे ठेवला जात होता. आज बेकारभत्ता म्हटलं की आपण अमेरिकेकडे आणि जर्मनीकडे पाहतो, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून जाताना एकदा उजव्या-डाव्या बाजूला पाहावं, असं मला वाटतं.

गोदीपासून हाकेच्या अंतरावर गिरणगावात मात्र उलट चित्र होतं. बदली कामगार तुम्हा सर्वांना माहीत आहेत. गिरणीमालकांच्या संघाने १९३५ मध्ये बदली कार्डाची पद्धत आणली. कार्ड घेऊन रोज पहाटे फाटकावर यायचं, कायम कामगाराचा खाडा पडला असेल तर आत, नाही तर परत खोलीवर. वर्षानुवर्षं माणसं अशी बदलीत राहिली. १९५३ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम २५ सी आलं: कामाअभावी कामगाराला बसवून ठेवलं तर मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई द्यायची. चांगलं कलम होतं. पण त्याच वाक्यात कायदा म्हणत होता की ही भरपाई बदली आणि नैमित्तिक कामगारांना नाही. ज्याचं काम सगळ्यांत आधी जातं त्याचंच नाव वगळलेलं. १९८२ च्या गिरणी संपाविषयी बोलताना आपण पगार आणि बोनस आठवतो. बदलीवाल्यांना कायम करा ही मागणीही त्या संपात होती, आणि तिच्यामागे फाटकावरून रिकाम्या हाताने परतलेल्या हजारो पहाटा होत्या.

आता परदेशातल्या अलीकडच्या अनुभवाकडे वळतो, कारण पुढे आपल्याकडे जे होणार आहे ते तिकडे होऊन गेलं आहे.

अमेरिकेत बेकारीचा विमा १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने देशभर उभा राहिला, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. भत्ता घेणाऱ्याने दर आठवड्याला त्या आठवड्यात काय काम केलं, किती मिळवलं ते कळवायचं, पैसे हातात पुढे कधीही येवोत. कॅलिफोर्नियात कमाईचा चौथा भाग सोडून देतात आणि उरलेली रक्कम भत्त्यातून वजा करतात. म्हणजे जास्त काम केलं तर हातात थोडं का होईना, जास्तच पडतं. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पर्यंत दिवस मोजत. आठवड्यातल्या ज्या दिवशी तासभरही काम केलं, तो दिवस गेला आणि भत्त्याचा चौथा हिस्सा गेला. चार वेगवेगळ्या दिवशी एकेक तास काम करणाऱ्याचा अख्खा भत्ता जायचा, आणि तेच चार तास एकाच दिवशी केले तर चौथा हिस्साच. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्याचं काम नेमकं असं दिवसभर आणि आठवडाभर विखुरलेलं असतं. २०२१ मध्ये त्यांनी दिवसांऐवजी तास मोजायला सुरुवात केली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून आठवड्यातले पहिले दहा तास वजावटीतून सोडले. इतकी लहान दुरुस्ती, आणि ती व्हायला महासाथ यावी लागली.

महासाथीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. स्वतंत्रपणे काम करणारे, ॲपवर गाड्या चालवणारे हे अमेरिकेच्या मूळ विम्यात नव्हतेच. मार्च २०२० च्या कायद्याने त्यांच्यासाठी खास भत्ता सुरू केला. पण एक अट अशी की ज्याला नेहमीचा भत्ता मिळू शकतो, त्याला हा खास भत्ता नाही. आता असा वादक समजा, ज्याची बहुतेक कमाई कार्यक्रमांच्या मानधनाची आणि थोडीशी एका शाळेतल्या अर्धवेळ नोकरीची. त्या थोड्याशा पगारामुळे तो नेहमीच्या भत्त्याला पात्र ठरला, भत्ता ठरला त्या थोड्याशा पगारावर, आणि मोठ्या कमाईचं नुकसान हिशेबातच आलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये अशांसाठी आठवड्याला शंभर डॉलर वाढवून दिले, तेही स्वतंत्र कमाई वर्षाला किमान पाच हजार डॉलर असेल तर. दोन प्रकारची कमाई असणं हा जणू गुन्हाच झाला.

पण या विषयातली सर्वांत दुःखद कथा ऑस्ट्रेलियाची आहे, आणि ती मी सविस्तर सांगणार आहे.

तिथे बेकारभत्ता घेणारा माणूस दर पंधरवड्याला आपली कमाई कळवतो. कमाई झाली की त्या पंधरवड्याचा भत्ता कमी होतो. म्हणजे तात्पुरतं काम करत भत्ता घेणं तिथे कायदेशीर आहे, अपेक्षितही आहे. अडचण तपासणीत झाली. आयकर खात्याकडे असते ती वर्षाची कमाई. भत्त्याच्या खात्याला हवी पंधरवड्याची. २०१५ पासून सरकारने एक स्वयंचलित पद्धत आणली, जिला पुढे लोकांनी ‘रोबोडेट’ हे नाव दिलं. तिने वर्षाची कमाई घेतली, तिला सव्वीसने भागलं, आणि प्रत्येक पंधरवड्यात तेवढी कमाई झाली असं धरलं.

गणित करून पाहा. एक मुलगी वर्षाचे पहिले सहा महिने हंगामी काम करते, सव्वीस हजार डॉलर मिळवते, आणि त्या काळात भत्ता घेत नाही. मग काम संपतं, आणि उरलेले सहा महिने ती प्रामाणिकपणे शून्य कमाई कळवून भत्ता घेते. यंत्र सव्वीस हजाराला सव्वीसने भागतं आणि म्हणतं, तुम्ही प्रत्येक पंधरवड्याला हजार डॉलर कमावत होता, तुम्ही ते लपवलं, इतके पैसे परत करा. तिने काहीही लपवलेलं नसतं. पण आता ते तिनेच सिद्ध करायचं, काही वर्षांपूर्वीच्या पगारपत्रिका शोधून. ज्या हॉटेलात तिने काम केलं ते कदाचित बंद पडलं असेल.

ही सरासरी एकाच प्रकारच्या माणसाला बरोबर लागू पडते, ज्याला दर महिन्याला तेवढाच पगार मिळतो त्याला. आणि तो माणूस सहसा बेकारभत्ता मागायला येत नाही. म्हणजे ज्या लोकांसाठी योजना होती, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ही मोजपट्टी खोटी होती. सरासरीवर असं कर्ज काढणं कायद्यात बसत नाही, असा अंतर्गत कायदेशीर सल्ला २०१४ मध्येच सरकारातल्या एका खात्याने दिलेला होता. तरीही पत्रं गेली. २०१६ च्या नाताळाच्या सुमारास तर ती ढिगाने गेली. चार लाखांहून अधिक लोकांवर मिळून सुमारे १.७ अब्ज डॉलरची खोटी कर्जं लादली गेली. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयापुढे सरकारला ही पद्धत बेकायदा असल्याचं मान्य करावं लागलं, आणि मे २०२० मध्ये ७२.१ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. पुढे क्वीन्सलँडच्या माजी मुख्य न्यायमूर्ती कॅथरिन होम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला. या आयोगापुढे ज्यांनी साक्ष दिली त्यांत अशा आयाही होत्या, ज्यांच्या मुलांनी कर्जाच्या नोटिसा आल्यानंतर आत्महत्या केली होती.

हा ऑस्ट्रेलियापुरता अपघात नव्हता. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २०१३ ते २०१५ या काळात संगणकाने सुमारे चाळीस हजार लोकांना बेकारभत्त्यातले फसवे ठरवलं. दंड होता मूळ रकमेच्या चौपट. यंत्राने माणसाच्या तपासणीशिवाय दिलेले निकाल नंतर पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले ९३ टक्के चुकीचे निघाले. तिथेही तिमाहीची कमाई आठवड्यांवर सारखी पसरवण्याची खोड होती.

लबाडी होतच नाही, असं माझं म्हणणं नाही. रोखीने काम करून कमाई न कळवणारे लोक असतात, आणि त्यांच्यामुळे विम्याच्या निधीला खरोखर तोटा होतो. तो निधी इतर कामगारांचा असतो, म्हणून या तोट्याकडे डोळेझाक करणं मला मान्य नाही. पण लपवण्याची सवय कुठून लागते, हेही पाहायला हवं. शंभर रुपये कमावले की शंभर रुपये भत्ता कापला जातो, किंवा चौथ्या दिवसाने तीन दिवसांचं सगळं जातं, तिथे खरं सांगणाऱ्याचं नुकसान होतं. कमाईचा काही भाग माणसाच्या हाती राहू द्या, उरलेला हळूहळू वजा करा, म्हणजे खरं सांगणं त्याला परवडेल. असे नियम असतील तर लबाडी पकडायला जी प्रचंड यंत्रणा लागते, तिच्यातला बराच खर्च वाचतो.

आता आपल्याकडे येतो. भारतात बेकारीचा विमा अगदी थोडक्या लोकांना आहे. कामगार राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली. सरासरी रोजच्या वेतनाच्या पंचवीस टक्के, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आणि आयुष्यात एकदाच. महासाथीत ते पन्नास टक्के केलं. सुरुवातीला नव्वद दिवस बेकार राहिल्यावर अर्ज करता यायचा, नंतर ती मुदत तीस दिवसांवर आणली. एकवीस हजारांच्या आतल्या पगारावर घर चालवणारा माणूस ते तीस दिवस काय करतो? भिवंडीच्या गोदामात पाळी मिळते का पाहतो, मेव्हण्याची दुचाकी घेऊन जेवणाचे डबे पोचवतो, नाक्यावर उभा राहतो. आणि योजनेची अट अशी की ज्या काळासाठी मदत मागितली त्या काळात तो बेकार असला पाहिजे. सुरुवातीच्या नियमांत त्यासाठी प्रतिज्ञापत्रही होतं. मेव्हण्याची दुचाकी चालवणाऱ्याने त्या कागदावर सही करावी की नाही, याचं सरळ उत्तर नियमांत मला सापडत नाही. घरात दाणे आणण्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला आपण खोटं बोलण्याच्या उंबरठ्यावर उभं करतो, याचा मला राग येतो, आणि तो मी या व्यासपीठावरून व्यक्त करतो आहे.

महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, त्यामागे वि. स. पागे यांची दृष्टी होती. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर भत्ता, हे तत्त्व त्यात होतं. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर नेलं. शहरातल्या मजुराला असा देशव्यापी हक्क नाही.

ॲपवर मिळेल तेवढं काम करणाऱ्या, म्हणजे गिग कामगारांची मोजदाद नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात केली: २०२०-२१ मध्ये ७७ लाख, आणि २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील असा अंदाज. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये या लोकांचं नाव पहिल्यांदा कायद्यात आलं. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत द्यायचे आहेत, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, नंतर कर्नाटकानेही. हे पाऊल मोठं आहे. पण संहितेत गिग कामगारांसाठी काय काय द्यायचं त्याची जी यादी आहे, तिच्यात अपघात आहे, आरोग्य आणि प्रसूती आहे, म्हातारपण आहे, पाळणाघरही आहे. बेकारी नाही. कारण पुन्हा तेच: ॲप उघडं आहे ना, मग माणूस कामावर आहे. ऑर्डर येवो न येवो.

ॲप उघडं ठेवून दादरच्या पुलाखाली पावसात थांबलेली वीस मुलं हीच लंडनच्या फाटकावरची राखीव फौज आहे. कंपनी ग्राहकाला पंधरा मिनिटांत सामान पोचवण्याचं वचन देते ते त्यांच्या थांबण्याच्या जिवावर. त्या थांबण्याचा दर सध्या शून्य आहे. तो शून्य राहता कामा नये, आणि त्याची किंमत गोदीत जशी मालकांनी दिली तशी कंपन्यांनी द्यावी. आपल्या राज्यात १९६९ चा माथाडी कायदा आहे. एकाच हमालाला दहा मालक असले तरी त्याचं मंडळ एक असतं, मजुरी आणि अधिभार मंडळात जमा होतो, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा मिळतात. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने हे मिळवलं. अनेक मालक आणि एक कामगार, हे कोडं महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी सोडवलेलं आहे. त्याच धर्तीवर गिग कामगारांचं मंडळ करता येईल. आठवड्याला ठरावीक तास ॲपवर हजर राहूनही कमाई ठरावीक रकमेखाली राहिली, तर फरकाचा काही भाग मंडळाने द्यायचा. दुसरीकडे काम मिळालं तर मदत हळूहळू कमी करायची, एकदम तोडायची नाही. आणि हिशेब आठवड्याचाच ठेवायचा. वर्षाची सरासरी काढण्याला कायद्यानेच बंदी घालायची.

यासाठी लागणारी माहिती आजच अस्तित्वात आहे. गोदीतल्या कारकुनाला हजेरी पेन्सिलीने लिहावी लागे. ॲपला प्रत्येक माणूस कुठे, किती मिनिटं थांबला आणि त्याला किती कामं मिळाली, हे सेकंदासकट माहीत असतं. ती नोंद सध्या फक्त कंपनीकडे आहे. माझी पहिली मागणी पैशांची नाही, या नोंदीची आहे: दर आठवड्याला तिची प्रत मराठीत, तारीखवार, कामगाराच्या हातात पडली पाहिजे, आणि एक प्रत मंडळाकडे गेली पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या त्या मुलीकडे असा एक कागद असता, तर सव्वीसचा भागाकार तिच्या दारापर्यंत आलाच नसता. राज्यात जेव्हा केव्हा गिग कामगारांच्या कायद्याचा मसुदा येईल, तेव्हा हरकती आणि सूचना मागवल्या जातील. त्या मुदतीत प्रत्येक संघटनेने, प्रत्येक वाचनालयाने आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने हे एक कलम लेखी मागावं.